आमच्या आळीची फौजीण

आमच्या आळीत तिला चंद्राकाकी म्हणणारी मी एकटीच. बाकी सगळे म्हणायचे फौजीण. नवरा पलटणीत, म्हणून फौजीण. पण मला विचाराल तर तो खोपोलीच्या एखाद्या कारखान्यात असता तरी तिला हेच नाव पडलं असतं. ती चालायचीच तशी. डोक्यावर भाताचा भारा असो की पाण्याची हंडी, मान ताठ, आणि वाटेत कुणी आडवं आलं तर तोंडात एकच शब्द, "सरका."

आमचं गाव खालापूर नि खोपोलीच्या मधलं, घाटाच्या पायथ्याचं. आमच्या आणि त्यांच्या घरात भिंत एकच, तीही कुडाची. तिकडं भाकरी थापली की इकडं ऐकू यायची. त्यामुळं चंद्राकाकीबद्दल मला जे ठाऊक, त्यातलं निम्मं भिंतीपलीकडून कानावर आलेलं. मी तेव्हा परकर-पोलक्यातली. त्यांच्या घरात सासरे आबा, सासू गोदाआजी, धाकटा दीर पांडू आणि ती. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नाही. "ते" म्हणायची. म्हणून मीही इथं त्यांना नाव देत नाही, "ते"च म्हणते.

ते सुट्टीवर यायचे तेव्हा आळीतली पोरं त्यांच्या बुटांभोवती गोळा व्हायची. माणूस अबोल. ओटीवर बसून गालात हसायचे. चंद्राकाकी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या हातात कोयता द्यायची. "तिकडं सायबाचं ऐकता ना? मग हितं माजं ऐका. बांधावरची झुडपं वाढलीत." आणि ते निमूट जायचे. भिकू वाणी त्यांचा बालमित्र, दुकानाच्या फळीवरून ओरडायचा, "काय रं, सुट्टी मिळाली का नाय?" ते म्हणायचे, "तिकडून मिळाली रं. हितून अजून मंजूर व्हायची हाय."

मग बांगलादेशची लढाई लागली.

आता लोकांना वाटतं, लढाई सरहद्दीवर असते, कर्जत-खालापूरला तिचं काय? पण घाटाच्या डोंगरावरून खोपोलीच्या वीजघराकडं उतरणारे ते जाड नळ आमच्या अंगणातून दिसायचे. विमानं आली तर पहिली इथंच येणार, असं जो तो सांगायचा. दिवस मावळला की दिवा दिसता कामा नये, असा हुकूम निघाला. आमच्या गावात वीज कुठली आली होती? कंदील नि चिमण्या. तरी हुकूम तो हुकूम. माझ्या आईनं कंदिलाच्या काचेला चुलीची काजळी फासली, दाराला गोधडी टांगली. आभाळात काही घरघरलं की आजी आम्हाला जात्याजवळ कोंबायची. जात्यावर बॉम्ब पडत नाही, असं तिचं मत होतं. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

चंद्राकाकीला कुणी नेमलं नव्हतं, पण दिवेलागणीला ती पदर खोचून आळीतून निघायची. एकेका दारासमोर उभी राहायची. कुठं फटीतून उजेडाची रेघ दिसली की संपलंच.

"अगं ए सुलोचने, तुजी चूल पार कराचीवरनं दिसतीय! त्येना जेवायला बोलावलंयस का?"

"भाकरी करपंल गं फौजीण, जरा दम धर."

"करपू दे. एक दिस करपलेली खाल्ल्यानं कोण मरत नाय."

लोक हसायचे, चिडायचे, पण दिवा झाकायचे. मला वाटायचं, तिला हुकूम गाजवायची हौस आहे. हौस नव्हती, हे पोपटीच्या दिवशी समजलं.

आमच्या भागात थंडीत पोपटी लावतात, हे सांगायला नको. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा भरायच्या, वरून पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून शेतातच भोवती जाळ करायचा. त्या वर्षी शेंगा पुरत्या भरल्याही नव्हत्या, पण पांडू नि त्याच्या दोस्तांना दम निघेना. लढाई आहे म्हणून पोपटी कोण सोडतो? त्यांना वाटलं, हुकूम दिव्याचा आहे, जाळाचा थोडाच आहे. शिवाय गावाबाहेर, शेतात. कुणाला दिसणार? उलट घरातला दिवा झाकला, की शेतातला जाळ आभाळातून एकटाच उठून दिसणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दिवस नुकता बुडाला होता. जाळ चांगला कमरेएवढा झाला, आणि वीजघराच्या बाजूनं भोंगा वाजायला लागला. खरा धोका होता की सराव, हे अजून मला ठाऊक नाही. आम्ही घरात श्वास धरून बसलो. तेवढ्यात भिंतीपलीकडून हंड्याचा आवाज आला आणि दार धाडकन आपटलं. आईनं गोधडीच्या फटीतून बघितलं. चंद्राकाकी डोक्यावर हंडा घेऊन शेताकडं पळत होती. पळताना पाणी सांडत होतं, आणि ती ओरडत होती, "विझवा रं! मेल्यांनो, विझवा!"

तिनं अख्खा हंडा जाळावर ओतला. तापलेलं मडकं फट्‌कन फुटलं. पोरं संतापली. पांडू तर अंगावर धावून आला. "वैनी, तुजं डोकं फिरलंय! विमान हितं पोपटी खायला येतंय व्हय?"

ती हंडा बाजूला टाकून मटकन बांधावर बसली. मग त्या काळोखात चाचपडत तिनं चिखलातल्या शेंगा पदरात गोळा केल्या, अर्ध्या कच्च्या, अर्ध्या करपलेल्या, आणि पोरांच्या पुढं धरल्या. "खा. माज्यावर वरडायला अंगात बळ पायजे."

भोंगा थांबला. काही झालं नाही. पांडूनंच नंतर सांगितलं, घरी येताना ती त्याला म्हणाली होती, "मी देवाशी बोलून ठेवलंय रं. हितं आपून एक चूक टाळली, की तिकडं त्यांच्यावरली एक गोळी चुकंल. तू आज जाळ केलास. आता ती गोळी मी कशी अडवू?"

त्यानंतर पांडू तिच्याबरोबर आळीतून फिरायला लागला.

लढाई संपली. भिकूच्या दुकानावर पेढे वाटले. त्या भागात ट्रान्झिस्टर भिकूकडंच, त्यामुळं सगळं गाव तिथं. चंद्राकाकीनंही पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही. पदराच्या टोकाला बांधला. "ते आले की," म्हणाली.

ते आले नाहीत. तार आली. तार म्हणजे काय, हे आजच्या मुलांना कळायचं नाही. तारवाला सायकलवरून आळीत शिरला की बायका हातातलं टाकून उंबऱ्यात येत आणि मनात म्हणत, पुढं जा, पुढं जा. तो आबांच्या अंगणात थांबला. आबांना वाचता येत नव्हतं. शाळेतले गुरुजी धावत आले. त्यांनी तार एकदा वाचली, पुन्हा वाचली. गोदाआजी खांबाला धरून उभी. गुरुजी म्हणाले, "आबा, नीट ऐका. मेला असं यात लिहिलेलं नाही. सापडत नाही, असं लिहिलंय. बेपत्ता."

आळीतल्या दोघी-तिघींनी तोवर गळा काढला होता. चंद्राकाकी त्यांच्यावर खेकसली. "गप! गुर्जी काय म्हनले ते ऐकलं नाय? पावसाळ्यात डोंगरात सोडलेलं ढोर सांजच्याला आलं नाय, तर तुमी त्येचं दावं जाळून टाकता का? का गोठ्याचं दार उघडं ठेवता?"

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी भिकूच्या दुकानाच्या पायरीवर बसू लागली. सरहद्दीपलीकडच्या रेडिओवर पकडलेल्या जवानांची नावं सांगतात, असं कुणीतरी म्हणालं होतं. भिकू बिचारा सेल उतरू नयेत म्हणून ते दिवसा उन्हात ठेवायचा आणि संध्याकाळी कानाला लावून ते स्टेशन शोधायचा. खरखर, शिट्टी, मध्येच एखादा आवाज. गिऱ्हाइकानं मीठ मागितलं तरी भिकू बोटानं गप्प करायचा. नावं यायची, कुठली कुठली गावं यायची. आमच्या गावाचं नाव आलं नाही. सेल संपले की ती उठायची. "बरं भिकूभाऊजी, उद्या येते."

संक्रांत गेली आणि दुसरंच संकट उभं राहिलं. पांडूचं लग्न लढाईआधीच ठरलेलं. मुलगी कर्जतकडची. तिच्याकडची माणसं आली, ओटीवर बसली, चहा घेतला. मुलीचा मामा म्हणाला, "आबा, राग मानू नका. घरात सुतक हाय का नाय, ते आदी ठरवा. माणूस जिता म्हनायचा का गेलेला? आमची पोर कुठल्या घरात द्यायची, सुतकाच्या का हळदीच्या?"

त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. आबांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. म्हातारा रात्रंदिवस एकच बोलायचा, "माज्या पोराचं पाणी अडलंय. कुठं रानात पडलाय, त्येला कुणी पाणी पाजलं नाय." ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. तेवढं केलं की पोराची सुटका, पांडूच्या लग्नाची वाट मोकळी. भटजी म्हणाले, शास्त्र बारा वर्षं थांबायला सांगतं. ते ऐकून चंद्राकाकी माजघरातून म्हणाली, "मग थांबा." आबा उसळले, "बारा वर्सं पांडूला बिनलग्नाचा ठेवू? आन् लढाईत गेलेला काय बारा वर्सांनी येतो?"

ठरलं. दिवस नेमला. आदल्या संध्याकाळी आबांनी पळसाच्या पानांची पाटी आणून ओटीवर ठेवली. पुतळा झाला, की तो जळणार. तो जळला, की आळीतल्या बायका चंद्राकाकीचं कुंकू पुसणार, बांगड्या फोडणार. आमच्या घरात कुणी जेवलं नाही. भिंतीपलीकडं इतकं शांत, की आई सारखी कुडाला कान लावून बघायची.

सकाळी आळीतले चार कर्ते पुरुष ओटीवर जमले. चंद्राकाकी बाहेर आली. अंगावर नेहमीचं लुगडं, कपाळावर नेहमीपेक्षा मोठं कुंकू. ती पाटीजवळ उभी राहिली आणि सासऱ्यांना म्हणाली, "आबा, तुमी मोठे. तुमच्या शब्दाबाहेर मी नाय. फकस्त एक करा. माज्यासमोर तोंडानं म्हना, 'माजा पोरगा मेला.' तुमी म्हनलात, की मी सोता बांगड्या फोडते. कुणी हात लावायला नको."

आबांनी तोंड उघडलं. ओठ हलले. सगळे बघत होते. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. घशातून आवाज फुटेना. तो धिप्पाड म्हातारा ओटीच्या कडेला हात टेकून खाली बसला.

कुणालाच काय करावं कळेना. तेवढ्यात गोदाआजी आली. तार आल्यापासून ती बाई एका शब्दानं बोलली नव्हती. तिनं पानांची पाटी स्वतःकडं ओढली, बांबूची चोय घेतली, मांडी घातली आणि पानाला पान टाचायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं, म्हातारी स्वतःच पुतळा करते की काय. पण पानं गोल फिरत गेली. ती पत्रावळ लावत होती.

एक झाली. तिनं ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

"पांडूच्या लग्नाला लागतील," ती म्हणाली. "बघता काय? पुरुषांनी उठा. चंद्रे, तू बस. मला एकटीला व्हायच्या नायत."

दोघी सासू-सुना दिवसभर पत्रावळी लावत बसल्या. मधेच एकदा चंद्राकाकी म्हणाली, "आय, तुमी पानं लई जवळ जवळ टाचता, डाळ गळायची नाय." आणि म्हातारी म्हणाली, "तुज्या माह्येरची गळायची."

लग्न झालं. हळद दळायला पाच सवाशिणी जात्याशी बसल्या तेव्हा नवरीच्या आत्यानं चंद्राकाकीच्या हाताकडं बघून तोंड वाकडं केलं. गोदाआजीनं सुनेचा हात धरून खुंट्यावर ठेवला आणि आत्याकडं एकदाच बघितलं. बस्स.

पुढं पकडलेले जवान सुटून आले. त्यात ते नव्हते. चंद्राकाकी पांडूला घेऊन कचेऱ्या फिरली. सगळीकडं माणसं चांगली वागली, आणि सगळीकडं उत्तर तेच.

इथं एखादी खचली असती. चंद्राकाकीनं वेगळंच केलं. तिनं त्यांना म्हातारं करायला घेतलं. हे मी नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई भ्रमिष्ट झाली. तसं काही नव्हतं. शेती बघत होती, पांडूची पोरं वाढवत होती, हिशेबाला पक्की. पण फोटोत अडकून पडलेला तरणाताठा जवान तिला मान्य नव्हता. माणूस जिता आहे तर तो वाढणार. मापाला तिच्याजवळ भिकू वाणी होता, त्यांच्या बरोबरीचा. भिकूला चष्मा लागला, तेव्हा ती मला म्हणाली, "त्यांनाबी लागला असंल गं. लांबचं बघायची नोकरी, डोळे लवकर जातात." भिकूचे केस पिकले. "ह्यांचे आदीच पिकले असतील. आबांचे लवकर पिकले व्हते." भिकूनं दात काढून कवळी बसवली, तेव्हा तर ती मुद्दाम दुकानात जाऊन विचारून आली, कवळीनं सुकट चावता येते का. "नाय चावत म्हनतो. मग ह्यांचं कसं व्हायचं?"

भिकू तिची थट्टा करायचा. "फौजीण, माज्याबद्दल जरा सांभाळून बोलत जा. मला खोकला झाला, की तू तिकडं त्याला आजारी पाडतेस."

"मग खोकू नका ना भाऊजी."

अशी वर्षं गेली. आबा गेले, गोदाआजी गेली. एक्सप्रेस-वे झाला, आमच्या वालाच्या शेतांवर बंगल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. मी लेकाकडं भिसेगावात राहायला आले. पण सणावाराला गावी गेले की पहिली तिच्याकडं. कपाळावर कुंकू तेवढंच ठसठशीत. नव्या सुना कुजबुजायच्या. ती ऐकू आलं नाही असं दाखवायची.

मध्यंतरी भिकू गेला. पिकलं पान, चार दिवस अंथरुणाला, लेक-सुना उशाशी. त्याच्या तेराव्याला मी गेले. चंद्राकाकी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "बस." मी बसले. मग ती म्हणाली, "भिकूभाऊजी ह्यांच्याहून ल्हान होते गं. त्यांच्या वर्गातलं आता कोन उरलं नाय."

मी म्हटलं, "काकी, असं का बोलतेस?"

"वय झालं की माणूस जातोच ना? आबा गेले, भिकूभाऊजी गेले. ह्यांनी एकट्यानं किती जगायचं? लई ओढलं मी त्यांना." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "लढाईत नाय गेले ते. म्हातारपणानं गेले. चांगलं आयुक्ष झालं त्यांचं. आता मी पांडूला सांगते."

पांडू आता सत्तरी ओलांडलेला. ऐकून लहान पोरासारखा रडला. म्हणाला, "वैनी, आता कशाला?" ती म्हणाली, "मग कंदी? मी गेल्यावर त्यांचं कोन करंल? तुज्या पोरांना ते ठावं तरी हायत का?"

पाताळगंगेच्या काठावर गेलो. तिच्या पुतण्यानं, पांडूच्या लेकानं, टेंपोतून लाकडं नि पळसाची पानं आणली होती. बायकांनी नदीवर यायचं नसतं, असं कुणीतरी म्हणालं. "मढंच नाय, तर इटाळ कसला?" म्हणून ती पुढं झाली. भटजी तरुण, भला माणूस. त्यानं पानं अंथरायला घेतली तसं तिनं त्याला थांबवलं आणि स्वतः बसली. डोक्याच्या जागी नारळ ठेवला, पानांचे हात, पानांची छाती. पाय मात्र तिनं सरळ ठेवले नाहीत. गुडघ्यात मुडपून, कुशीवर झोपल्यासारखे केले.

"आजी, पाय लांब करायचे असतात," भटजी हळूच म्हणाला.

"ह्या वयात लांब व्हायचे नायत त्यांचे. ह्यांच्या घराण्यातच गुडघे हायत. पांडूचे बघा."

पांडू रडता रडता हसला. त्यानंच अग्नी दिला. पुतण्याची बायको पुढं आली, हातात दगड घेऊन, आणि तिथंच अडखळली. चंद्राकाकी म्हणाली, "ठेव तो. फोडायला कशाला पायजेत?" हात वाळून काटकी झालेले. तिनं एकेक बांगडी सहज बाहेर काढली आणि वाळूत ठेवली. मग नदीत ओंजळ भरून तोंड धुतलं. पदरानं पुसलं. मी तिचं मोकळं कपाळ जन्मात पहिल्यांदा बघितलं. तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा गोरी होती, तरण्या बाईच्या कपाळासारखी.

चितेवरून परतताना मागं वळून बघायचं नसतं. तिनं बघितलं नाही. मी बघितलं. जाळात पानं सुकत, उलगडत होती, आणि ते मुडपलेले पाय हळूहळू सरळ होत होते. मी लगबगीनं तिला गाठलं नि सांगितलं.

ती चालता चालता थांबली. "खरं?"

"खरं गं काकी. पार सरळ झाले."

"बरं झालं," ती म्हणाली. "लई दिस कुशीवर निजले." आणि काठाची चढण चढायला लागली. मी हात पुढं केला तर म्हणाली, "सरक."

त्यानंतर मी गावी जाऊ शकले नाही, आणि पावसाळा सरता सरता ती गेली. मला ती दिसते ती त्या चढणीवरच. मान ताठ.